फाटकाबाहेरून पाहिलेले घर

गेल्या अंकातील मुदत ठेवींवरचा लेख वाचून एका वाचकांनी दूरध्वनी केला. ठेवींविषयी त्यांना काहीच विचारायचे नव्हते. पेठेतील दुकानामागे त्यांच्या वडिलांनी बांधलेले एक घर आहे. आत नवी फरशी घातली, स्वयंपाकघराचा ओटा ग्रॅनाइटचा केला, तरी सहा महिने भाडेकरू मिळालेला नाही. तेव्हा भाडे किती उतरवावे, असा त्यांचा प्रश्न होता. मी विचारले, "घर बाहेरून कसे दिसते?" पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग ते म्हणाले, "बाहेरून काय साहेब, जुने घर आहे, जसे आहे तसे आहे."

हे उत्तर मला नवे नव्हते. काही वर्षांपूर्वी जवळजवळ याच शब्दांत मी स्वतः ते दिले होते, आणि तेही वहिनींच्या घराविषयी.

आमच्या दादांचे घर सांगलीच्या गावभागात आहे. खाली तीन खोल्या, वर वहिनी राहतात. दादा गेले, हळदीची अडत बंद झाली आणि पुतण्या नोकरीनिमित्त पुण्यास स्थिरावला. तो आईला दरमहा पैसे पाठवतो. वहिनी ते नाकारीत नाहीत, परंतु वेगळ्या खात्यात जशेच्या तसे ठेवतात. घरपट्टी, वीज, औषधे, मंदिरात जाण्यायेण्याची रिक्षा, कामवालीचा पगार हे सारे खालच्या खोल्यांच्या नऊ हजार रुपये भाड्यातून भागते. ते नऊ हजार ही त्यांची कमाई. ती रक्कम थांबली म्हणजे त्यांना मुलाकडे हात पसरावा लागला, असे त्या मानतात. मुलगा तसे मानत नाही, हा भाग वेगळा.

त्या वर्षी ऑगस्टअखेर भाडेकरूंची बदली झाली आणि खोल्या रिकाम्या झाल्या. मार्चअखेर सात महिने पुरे झाले, म्हणजे त्रेसष्ट हजार रुपयांचे उत्पन्न बुडाले. पुतण्याने फोनवर सुचवले, "काका, सात हजारांना देऊन टाकू." मलाही ते पटले. रिकामी जागा म्हणजे कुलपात ठेवलेला तोटा, हे वाक्य मी बँकेत असताना कित्येक कर्जदारांना ऐकवले होते.

ते ठरवण्यासाठीच मी सांगलीस गेलो. चहा घेता घेता वहिनींना विचारले की, पाहायला येणारे लोक नेमके काय म्हणतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणतील कसे, भावोजी? आतच येत नाहीत. फाटकापाशी थांबतात, एकमेकांकडे बघतात, कुणाला तरी फोन लावतात आणि जातात." त्यांनी मोजलेही होते. अकरा जण आले, त्यांपैकी चारच आत आले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घर पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला दलालाने भाडे आधीच सांगितलेले असते. नऊ हजार मान्य नसते, तर कोणी रिक्षाचे पैसे खर्चून आलेच नसते. ज्यांना भाडे मान्य होते तेच फाटकातून परत गेले होते. मग भाडे उतरवून काय साधणार होते? भाडे दोन हजारांनी उतरले असते, तर वर्षाला चोवीस हजार गेले असते, तेही दरवर्षी. आणि एकदा उतरलेले भाडे पुन्हा वर चढवणे किती कठीण, ते आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना मी सांगायला नको.

बँकेत असताना तारण मालमत्तेची पाहणी हा माझ्या कामाचा भाग होता. पाहणीच्या छापील नमुन्यात 'रस्ता व परिसर' असा एक रकाना असे. मी त्यात 'समाधानकारक' असे लिहीत असे आणि, आता निवृत्त झाल्यामुळे कबूल करायला हरकत नाही, बरेचदा जीपमधून उतरण्यापूर्वीच लिहीत असे. दादांच्या घरी तर मी पन्नास वर्षे जात-येत होतो. आपल्या माणसाच्या घरात आपण शिरतो, पण ते बाहेरून कधी पाहत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता मी मुद्दाम बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरून परका माणूस होऊन चालत आलो. सात ही वेळ ठरवून निवडली, कारण नोकरदार माणूस घर पाहायला येतो तो कामावरून सुटल्यावरच. फाटकावरचा दिवा बंद होता. फाटक ढकलले तर खालची कड जमिनीला घासून किंचाळली. सांगलीची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; कुंपणाचे खांब उथळ पायावर असले की वर्षावर्षाला थोडे थोडे कलतात, तसा एक खांब कलला होता. फाटकाच्या वर दादांच्या अडतीची पत्र्याची पाटी गंजून एका बाजूने लोंबत होती, त्यामुळे हे राहते घर आहे की गोदाम, तेच कळेना. आत उजव्या हाताला लोखंडी रॅक, फुटके डबे, मोडका काटा आणि पोत्यांचा ढीग. गच्चीच्या कठड्यात पिंपळाची दोन रोपे उगवलेली. आणि समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, मातकट रंगाची एक सरळ आडवी रेषा.

त्या रेषेविषयी नंतर लिहितो. आधी बाकीचे.

पहिला खर्च रंगाचा करायचा नाही, हे मी बँकेच्या पॅनेलवरील एका वृद्ध अभियंत्यांकडून पूर्वी ऐकले होते. खर्चाचा क्रम पाण्यापासून सुरू होतो. आमच्या भिंतीचा खालचा भाग पोपडे धरून सुटत होता आणि त्यावर मिठासारखे पांढरे क्षार फुलले होते. वहिनींचा समज असा की हे सारे पुरामुळे. काही अंशी ते खरे होते. परंतु गच्चीचे पाणी खाली आणणारा पाइप जमिनीपासून तीन-चार फुटांवर तुटला होता आणि प्रत्येक पावसाळ्यात ते पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत होते. त्यात पूर्वी कोणीतरी, डाग लवकर पुसता यावेत म्हणून, खालच्या तीन फुटांना तेलरंग लावला होता. आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट उरली नाही, म्हणून तिने रंगच सोलून काढला. अशा भिंतीवर कितीही महागडा रंग चढवला तरी पुढच्या पावसाळ्यात पैसे पोपड्यांबरोबर गळून पडतात.

म्हणून आधी पाइप बदलून गटारापर्यंत नेला. भिंतीलगत दोन फूट रुंदीची शहाबादी फरशी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, बसवली. मग खालचा गिलावा ओलीच्या डागाच्या फूटभर वरपर्यंत खरवडून काढला, विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडले (धुतले तर ते विरघळून पुन्हा आतच जातात) आणि एप्रिलच्या उन्हात भिंत तीन आठवडे तशीच उघडी ठेवली. रंगारी वैतागला. त्याला चार दिवसांत काम उरकून दुसरे घर धरायचे होते. नवा गिलावा एप्रिलअखेर झाला. त्यावर पाणी मारणे, मग तो वाळणे, यात आणखी महिना गेला. मेअखेर रंग लागला. पावसाळ्यापूर्वी घर रंगवायचे असेल तर मार्चमध्ये जागे व्हावे लागते. मे महिन्यात जागे होणाऱ्यांची गर्दी एवढी असते की रंगारीही मिळत नाही.

विजेच्या मीटरच्या पेटीवर पारव्याचे घरटे होते आणि त्यात दोन पिल्ले होती. तेवढ्या कोपऱ्याचे काम ती उडून जाईपर्यंत थांबवले. पिंपळाची रोपे मात्र काढावीच लागली, कारण त्यांची मुळे वाढली की कठडा फोडतात. वहिनींनी ती मुळांसकट अलगद सोडवून एका डब्यात लावली आणि पुढे कोणाच्या तरी शेताच्या बांधावर पाठवून दिली.

ढीग हलवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड काम ठरले. त्यातल्या प्रत्येक वस्तूला दादांचा हात लागलेला होता. वहिनी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच भंगारवाल्याला बोलावले. हळद तोलायचा काटा तेवढा जिन्याखाली ठेवला आणि अडतीची पाटी पुसून वरच्या खोलीत भिंतीला लावली. भंगाराचे तीन हजार सहाशे पन्नास रुपये आले. ढीग गेल्यावर जी मोकळी जागा निघाली, तिथे दोन दुचाकी सहज उभ्या राहू लागल्या. मला विचाराल तर रंगापेक्षा या जागेने अधिक काम केले. आज भाड्याचे घर शोधणाऱ्या जोडप्याकडे बहुधा दुचाकी असतेच आणि ती रात्री रस्त्यावर ठेवावी लागणार की आत, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

पुतण्याने पुण्याहून काही छायाचित्रे पाठवली होती. प्लास्टिकचे हिरवे गवत, फाटकाच्या खांबांवर दोन सिंह, भिंतीतून पडणारा धबधबा. मी त्यास कळवले की, सांगलीच्या उन्हाळ्यात ते गवत पायाला चटके देईल आणि सिंहांचे काय करायचे ते वहिनींना विचार. पुढे तो विषय निघाला नाही. दारचा पारिजातक होता तोच छाटून नीट केला, कढीपत्त्याची एक कुंडी ठेवली, बस. फाटकावर नवा दिवा, घराचा क्रमांक आणि घंटा बसवली. दिवा वहिनींच्या मीटरवर जोडला. सामायिक दिव्याचे बिल कोणाच्या मीटरवर येते, हे भाडेकरू विचारतो आणि त्याने ते विचारणे योग्यच आहे.

आता त्या रेषेविषयी.

सांगलीच्या बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कृष्णेची पातळी आयर्विन पुलापाशी मोजतात. तिथे चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी मानतात. २००५ साली पाणी आमच्या दादांच्या घराच्या पायऱ्यांशी आले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये पुलापाशी पातळी सत्तावन्न फुटांच्या वर गेली आणि आमच्या अंगणात साडेचार फूट पाणी उभे राहिले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा आले, पण उंबरठ्यापाशी थांबले. घरात पाणी शिरल्यावर आतल्या खोल्या धुऊन रंगवल्या होत्या. बाहेरच्या भिंतीकडे मात्र कोणी पाहिले नाही आणि ती रेषा तशीच राहिली.

अकरांपैकी सात माणसे आत का आली नाहीत, याचे उत्तर मला वाटते पुष्कळसे त्या रेषेत होते. रंगारी म्हणाला, "साहेब, एक हात मारला की रेषा गेली. कळणारसुद्धा नाही." पुतण्याचेही तेच म्हणणे. आणि मी? मी मनातल्या मनात खूश झालो होतो. घर सुशोभित करायचे म्हणजे डाग झाकायचे, यात वावगे ते काय? परगावाहून मिरजेच्या रुग्णालयात किंवा विश्रामबागेच्या महाविद्यालयात नोकरीस येणाऱ्या तरुणाला गावभागाचा पूर कुठून ठाऊक असणार?

रंग सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी वहिनी त्या रेषेपाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, भिंत विसरेल. नदी विसरणार आहे का? उद्या एखादी बाळंतीण इथे राहायला आली आणि रात्री पाणी आले, तर मी वरून खाली कोणत्या तोंडाने जाऊ?" थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "ह्यांनी हळदीचा वरचा थर एक आणि खालचा एक, असे पोते कधी विकले नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. बँकेत माझ्यासमोर एखाद्या कर्जदाराने तारण मालमत्तेतील असा दोष झाकला असता, तर मी त्याची फाइल परत पाठवली असती.

तेव्हा असे ठरले की भिंत संपूर्ण रंगवायची. डाग राहू द्यायचा नाही, कारण डाग म्हणजे दुर्लक्ष. परंतु फाटकाच्या खांबावर आतल्या बाजूने दोन लहान फरश्या बसवायच्या, एक 'पूर २०१९' आणि तिच्या खाली 'पूर २०२१', दोन्ही अचूक उंचीवर. शिवाय भाडेकरूच्या सामानासाठी वरच्या मजल्यावरची एक खोली पावसाळ्याचे चार महिने मोकळी ठेवायची आणि तसे करारात लिहायचे. पुतण्या नाराज झाला. "काका, आपण जाहिरात करतोय की इशारा देतोय?" त्याचा राग मला समजत होता, कारण आईच्या उत्पन्नाची काळजी त्यालाही होतीच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पहिले कुटुंब आले. फाटक न किंचाळता उघडले, ते लगेच आत आले, खोल्या पाहिल्या, पसंतही केल्या. बाहेर जाताना त्या गृहस्थांनी खांबावरच्या फरश्या पाहिल्या, नमस्कार केला आणि पुन्हा फिरकले नाहीत. दुसऱ्यांचेही तसेच झाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. अडतीस हजार रुपये घालून आपण लोकांना फाटकापासून आत आणले आणि खांबापासून परत पाठवले, असे वाटू लागले.

तिसरे आले ते एक तरुण जोडपे. तो मिरजेत रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, ती शाळेत शिक्षिका. फरश्या त्यांनी येतानाच पाहिल्या. तो वहिनींना म्हणाला, "काकू, गावभागात पाणी येते हे आम्हाला माहीत आहे. गेल्या आठवड्यात दोन घरे पाहिली. दोघेही म्हणाले, आमच्याकडे कधीच आले नाही. तुम्हीच पहिल्या, ज्यांनी उंची सांगितली." मग त्याने वरची खोली पाहिली, जिन्याची रुंदी पाहिली, फ्रिज वर चढेल ना याचा अंदाज घेतला. भाडे साडेआठ हजार मागितले. वहिनींनी मान्य केले. पाचशे रुपये पुराचे, असे त्या म्हणाल्या. एक जुलैपासून करार झाला.

करार लेखी आणि नोंदणीकृत केला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ही जबाबदारी जागामालकाची आहे. नोंदणी न केल्यास वाद उद्भवल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवीत नाही. आपल्या घरांतून अजूनही हा व्यवहार तोंडी विश्वासावर चालतो, म्हणून मुद्दाम लिहिले. अंगण कोणी झाडायचे, कुंडीला पाणी कोणी घालायचे, हेही आम्ही करारात घातले. हसू येईल, पण भाडेकरू आणि मालकिणीत अबोला धरला जातो तो बहुधा अशाच गोष्टींवरून.

खर्चाचा हिशेब वाचकांना हवा असेल. फाटकाची दुरुस्ती व रंग ४,८००, पाइप २,७००, शहाबादी फरशी मजुरीसह ८,४००, गिलावा ११,५००, बाहेरचा रंग १३,२००, दिवा, घंटा, क्रमांक आणि त्या दोन फरश्या १,१००. एकूण ४१,७००, त्यातून भंगाराचे ३,६५० वजा जाता ३८,०५० रुपये. साडेआठ हजारांच्या हिशेबाने हे साडेचार महिन्यांचे भाडे झाले.

याच ठिकाणी एक गैरसमज दूर करतो. पुष्कळ व्यापारी मित्र मला सांगतात की, रंगाची पावती जपून ठेवली आहे, करात वजावट घेऊ. घरभाड्याचे उत्पन्न 'घर मालमत्तेपासून उत्पन्न' या सदरात करपात्र असेल, तर मालकाने स्वतः भरलेली घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर तीस टक्क्यांची ठोक वजावट मिळते. ती तुम्ही घर सोन्याने मढवा किंवा एक रुपयाही खर्चू नका, तेवढीच असते. रंगाची वेगळी वजावट नाही. आणि भाड्याच्या घराचा रंग दुकानाच्या दुरुस्ती खात्यात टाकण्याची जी एक रीत आपल्यात दिसते, ती बरोबर नाही. पावती मात्र जपावी. कोणत्या वर्षी कोणत्या भिंतीला कोणता रंग दिला, हे पुढच्या वेळी तरी कळते.

दूरध्वनी केलेल्या वाचकांना मी एवढेच सांगितले की, भाडे तूर्त उतरवू नका. एका संध्याकाळी सात वाजता आपल्याच घरी परके होऊन जा. त्यांनी जाऊन आल्यावर कळवले की, त्यांच्या फाटकासमोरची पालिकेची कचराकुंडी त्यांनी इतक्या वर्षांत कधी पाहिलीच नव्हती. आता अर्ज दिला आहे.

वहिनींच्या घराचे अडतीस हजार पन्नास मी दिले होते, आणि परत घेण्याचा माझा विचार नव्हता. जुलैच्या पाच तारखेला पहिले भाडे जमा झाले, त्या दिवशी वहिनींनी दादांच्या वेळची लाल बासनातली वही काढली. माझ्या नावे उसनवारीची नोंद आधीच केलेली होती. त्यांनी दोन हजार रुपये माझ्यापुढे ठेवले आणि वहीत सही मागितली. मी नको नको म्हणत राहिलो. त्या म्हणाल्या, "एकोणीस हप्ते होतील, भावोजी. शेवटचा दोन हजार पन्नासचा."

मी सही केली.